अर्धवट राहिलेला मजला, दिलेले पैसे आणि आधी करायची मोजणी

घर आणि कायदा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी सेवानिवृत्त शिक्षिका असून नाशिकच्या मखमलाबाद परिसरात माझ्या नावावर असलेल्या प्लॉटवर आमचे तळमजल्याचे घर आहे. मुलगा व सून कायमचे नाशिकला येणार असल्याने गेल्या दिवाळीनंतर वरचा मजला बांधायला घेतला. आर्किटेक्टमार्फत महापालिकेची परवानगी घेतली होती. ठेकेदाराने आपल्या लेटरहेडवर सही करून 650 चौरस फुटांसाठी साहित्यासह 1,750 रुपये प्रति चौरस फूट, म्हणजे एकूण 11,37,500 रुपये, असे दरपत्रक दिले आणि काम सहा महिन्यांत पूर्ण करून देण्याचे त्यावर लिहिले. आजवर आम्ही त्यांना 8,40,000 रुपये दिले. त्यांतील 2,40,000 रोख आणि बाकीचे बँकेतून व मोबाइलवरून. जानेवारीत स्लॅब टाकला गेला, नंतर दोन बाजूंचे वीटकाम झाले आणि मार्चपासून काम बंद आहे. स्लॅब टाकल्यावर आठव्याच दिवशी त्यांनी बीमखालचे टेकूही काढले. एका बीमच्या तळाला खडी उघडी पडली असून मधून सळई दिसते. शिवाय मंजूर नकाशात घराच्या आत असलेला जिना त्यांनी बाहेरच्या मोकळ्या जागेत काढला. ‘आतली जागा वाचेल, सगळेच असे करतात,’ असे ते म्हणाले आणि आम्ही त्या वेळी हरकत घेतली नाही. आता ते म्हणतात की लोखंडाचे भाव वाढले, देवघर आणि वाढीव ओटा ही जादा कामे झाली, तेव्हा आणखी दोन लाख दिल्याशिवाय माणसे येणार नाहीत. ते माझ्या माहेरच्या गावचे असल्याने नातेवाईक ‘देऊन टाका, काम तरी होईल’ म्हणतात. त्यांच्या सेंटरिंगच्या प्लेटा आणि मिक्सर आमच्या आवारात आहेत. ते अडवून ठेवले तर चालेल का? मृगाचा पाऊस तोंडावर आहे आणि जिन्याच्या उघड्या भागातून पाणी खालच्या खोलीत येणार, ही मोठी काळजी आहे. पोलिसांत जावे, ग्राहक न्यायालयात जावे की दुसरा ठेकेदार लावून मोकळे व्हावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण विचारलेल्या तिन्ही मार्गांच्या आधी एक काम आहे. जागेवर आज जे बांधकाम उभे आहे त्याची, दुसऱ्या कोणीही त्याला हात लावण्यापूर्वी, स्वतंत्र स्थापत्य अभियंत्याकडून मोजणी करून घ्या. अशा वादांत घरमालक दिलेल्या पैशांचा हिशेब घेऊन येतात, ठेकेदार केलेल्या कामाचा हिशेब तोंडी सांगतो, आणि या दोन्हींची सांगड घालणारा कागद कोणाकडेच नसतो. नवा गवंडी एकदा प्लास्टर करू लागला की जुने काम कोठे संपले आणि नवे कोठे सुरू झाले, हे पुढे कोणालाही सिद्ध करता येत नाही. म्हणून दोन लाख देऊ नका, दुसरा ठेकेदारही आज लावू नका. मात्र पावसापासून घर वाचवण्याचे काम थांबवू नका. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

मोजणीसाठी महापालिकेकडे नोंदणीकृत असलेला, या कामाशी आधी संबंध नसलेला अभियंता घ्यावा. पाहणीची तारीख आणि वेळ ठेकेदाराला लेखी कळवा व उपस्थित राहण्यास सांगा. ते आले तर मोजमापाच्या प्रत्येक पानावर त्यांची सही घ्या. सही नाकारली किंवा ते आलेच नाहीत तर तसे नमूद करून शेजारच्या दोन व्यक्तींच्या साक्षीने पंचनामा करा. अहवालात काँक्रीट घनमीटरमध्ये, वीटकाम प्रत्येक भिंतीची लांबी, उंची, जाडी घेऊन व दारे-खिडक्यांचे गाळे वजा करून, आणि लोखंड नकाशातील सळयांच्या व्यासावरून किलोमध्ये यावे. (12 मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे 0.89 किलो आणि 16 मिलिमीटरची सुमारे 1.58 किलो भरते, त्यामुळे ‘इतके टन लोखंड गेले’ हा दावा तपासता येतो.) न झालेल्या कामांची यादीही तितकीच नेमकी हवी : पॅरापेट (गच्चीचा कठडा), वॉटरप्रूफिंगचा कोबा, आतले-बाहेरचे प्लास्टर, फरशी, वायरिंग, नळकाम, दारे-खिडक्या, रंग. प्रत्येक छायाचित्रात मोजपट्टी आणि भिंतीचा ओळखता येईल असा भाग दिसला पाहिजे.

येथे एक गोष्ट मला स्पष्ट सांगावीशी वाटते. आपल्याकडे छोट्या घरांची कामे सर्रास ‘चौरस फुटाला अमुक रुपये’ एवढ्या एका ओळीवर ठरतात आणि भांडणाचे मूळ पुष्कळदा त्या ओळीतच असते. त्या दरात पॅरापेट धरला आहे का, जिन्याचे क्षेत्र मोजायचे का, कोबा कोण करणार, फरशी कोणत्या किमतीची, यांतले काहीच लिहिलेले नसते. आपल्या दरपत्रकात यांपैकी जे लिहिले असेल ते अभियंत्याला आधी वाचायला द्या, म्हणजे अहवाल ठेकेदाराच्याच शब्दांना धरून होईल.

आता पैशांचा हिशेब कसा मांडायचा, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, अभियंत्याने करारातील दराने झालेल्या कामाचे मूल्य 6,10,000 रुपये ठरवले. आपण 8,40,000 दिले आहेत, म्हणजे 2,30,000 रुपये जास्त गेले. करारातील उरलेले काम 5,27,500 रुपयांचे होते. तेच पूर्ण करायला नवा ठेकेदार समजा 6,80,000 मागतो, म्हणजे 1,52,500 रुपये जादा लागणार. या दोन रकमा मिळून 3,82,500 होतात आणि भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 73 खाली साधारणपणे हाच आपल्या नुकसानीचा गाभा ठरतो. पडताळा सोपा आहे : दिलेले 8,40,000 आणि लागणारे 6,80,000 मिळून 15,20,000 होतात, त्यातून ठरलेले 11,37,500 वजा केले की तीच रक्कम येते. सदोष कामाच्या दुरुस्तीचा खर्च त्यावर वेगळा मागता येतो. परंतु पूर्ण 8,40,000 परत मागणे आणि उभा मजलाही ठेवणे, अशी मागणी केली तर तक्रारीतल्या खऱ्या भागावरचाही विश्वास कमी होतो.

जादा कामांबाबत आपण न्यायाने वागावे, असे मी आग्रहाने सांगेन. देवघर आणि वाढीव ओटा आपण सांगितल्यावर झाले असतील तर त्यांचे वाजवी पैसे ठेकेदाराचे आहेत. ते अभियंत्याकडून वेगळे मूल्यांकित करून आपल्या मागणीतून वजा दाखवा. लोखंडाच्या भाववाढीचे मात्र तसे नाही. साहित्यासह ठराविक दर ठरला असेल आणि दरपत्रकात भाववाढीचे कलम नसेल, तर भाव चढल्याचा भार ठेकेदाराचा; उलट भाव उतरले असते तर त्यांनी आपल्याला पैसे परत केले नसते.

उघड्या पडलेल्या बीमकडे कायद्याच्या आधी सुरक्षिततेच्या दृष्टीने पाहायला हवे. काँक्रीट कामासाठीच्या भारतीय मानक 456 प्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटमध्ये आणि नीट पाणी मारलेल्या कामात साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी काढता येतात, पण सहा मीटरपर्यंतच्या बीमचे टेकू किमान चौदा दिवस ठेवावे लागतात आणि त्याहून लांब बीमसाठी एकवीस. ही मुदतसुद्धा तापमान 15 अंशांच्या खाली नसेल तेव्हाची आहे; नाशिकच्या जानेवारीत रात्रीचा पारा त्याच्या बराच खाली जातो आणि सिमेंट सावकाश घट्ट होते. तेव्हा आठव्या दिवशी बीमखालचे टेकू काढणे ही गंभीर हयगय आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून रिबाउंड हॅमर व अल्ट्रासॉनिक चाचणी करून घ्या. पहिलीतून पृष्ठभागाच्या कठीणपणाचा अंदाज येतो आणि दुसरीतून आतली पोकळी कळते. शंका राहिली तर काँक्रीटचा गाभा काढून तपासता येतो. दिंडोरी रोडवरील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे आपण ज्याला ‘मेरी’ म्हणतो तेथे, किंवा शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत अशा चाचण्यांची चौकशी करावी. अहवाल येईपर्यंत त्या बीमखाली इंजिनिअरच्या सल्ल्याने पुन्हा टेकू द्या आणि वर विटांचा किंवा वाळूचा ढीग ठेवू नका. खडी उघडी पडलेली जागा कोणाला वरवर सिमेंटने लिंपू देऊ नका. त्याने दोष झाकला जातो आणि सळई आत गंजत राहते.

पावसासाठी जिन्याच्या उघड्या भागावर पत्र्याचे तात्पुरते आच्छादन, स्लॅबवरील पाणी निघून जाण्याची वाट आणि अर्धवट भिंतींच्या माथ्यावर ताडपत्री एवढे मोजणी झाल्याबरोबर करून घ्या. बाहेर आलेल्या सळयांना सिमेंटची स्लरी लावा. ही कामे करण्यापूर्वीची व नंतरची छायाचित्रे आणि पक्की बिले जपून ठेवा. नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेणे करार कायद्यालाही अपेक्षित असते आणि त्या खर्चाची मागणी आपल्याला करता येते.

जिन्याचा प्रश्न मला पैशांच्या प्रश्नापेक्षाही नाजूक वाटतो. सामासिक अंतरात, म्हणजे साइड मार्जिनमध्ये, मंजुरीविना बांधलेल्या जिन्याबद्दल महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 53 खालची नोटीस येईल ती जागेच्या मालकाला, म्हणजे आपल्याला. ठेकेदाराने केले हे उत्तर महापालिकेपुढे पुरेसे होत नाही. भोगवटा प्रमाणपत्रही त्यावर अडू शकते. आपण हरकत घेतली नाही, हे ठेकेदार नक्की पुढे करील, तरीही मंजूर नकाशाबाहेर काम न करण्याची त्याची व्यावसायिक जबाबदारी त्याने संपत नाही. आपल्या आर्किटेक्टला लगेच भेटून, 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे हा जिना सुधारित नकाशात बसतो का, हे लेखी विचारा. बसत असेल तर सुधारित मंजुरी घ्या. बसत नसेल तर तो पाडण्याचा व आत जिना करण्याचा खर्च मागणीत धरा आणि मोजणीत त्या जिन्याचे मूल्य ‘झालेले काम’ म्हणून मान्य करू नका. बांधकाम परवानगी एका वर्षासाठी असते, तिचे नूतनीकरण वेळेवर करण्याचेही त्याच भेटीत बोला.

सेंटरिंगच्या प्लेटा आणि मिक्सर अडवून ठेवू नका. राग समजण्यासारखा आहे, पण ती मालमत्ता ठेकेदाराची, कदाचित त्याने भाड्याने आणलेली आहे, आणि ती दाबून ठेवली तर उलट आपल्याविरुद्ध तक्रारीला कारण मिळते. वस्तूंची यादी करा, छायाचित्रे घ्या, नोटिशीत त्या अमुक तारखेपर्यंत घेऊन जाण्यास सांगा आणि नेताना पोच घ्या.

यानंतर वकिलामार्फत नोटीस पाठवावी. तिच्यात दरपत्रकाचा तपशील, दिलेल्या रकमा तारखांसह, मोजणीचे निष्कर्ष, दोषांची यादी, जादा कामांची आपण मान्य केलेली रक्कम आणि काम पुन्हा सुरू करण्यासाठी साधारण पंधरा दिवसांची मुदत असावी. त्या मुदतीत काम सुरू न झाल्यास करार संपला असे धरून उरलेले काम दुसऱ्याकडून करून घेऊ व फरक आपल्याकडून वसूल करू, हे वाक्य स्पष्ट असावे. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवून पोहोचल्याचा पुरावा काढून ठेवा आणि तिची प्रत व्हॉट्सॲपवरही पाठवा. रोख दिलेल्या 2,40,000 रुपयांसाठी बँकेतून पैसे काढल्याच्या नोंदी, आपली वही आणि ठेकेदाराचे ‘मिळाले’ असे संदेश एकत्र करा. मोबाइलमधील संदेश पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 चे प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून तो मोबाइल विकू नका, बदलू नका आणि संभाषणे पुसू नका.

नोटिशीला प्रतिसाद मिळाला नाही, तर आपला मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये ‘सेवा’ या व्याख्येत गृहबांधणीचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात घरबांधणी ही सेवा असल्याचे मान्य केले होते. मोबदला म्हणून दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे चालते. आपली रक्कम 5 ते 10 लाखांच्या टप्प्यात असल्याने शुल्क 200 रुपये आहे. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि वकील लावणे सक्तीचे नाही, पण आपल्या प्रकरणात तांत्रिक पुरावा बराच असल्याने वकील घेणे हिताचे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळण्याचा हक्क विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 ने दिला आहे. त्यासाठी नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. तक्रार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल व्हायला हवी. ‘पुढच्या आठवड्यात माणसे पाठवतो’ या आश्वासनांनी ही मुदत थांबत नाही, म्हणून कॅलेंडरवर मार्चपासूनच मोजा. कायद्यात तीन महिन्यांत, आणि चाचणीची गरज असल्यास पाच महिन्यांत निकाल अपेक्षिला आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, ही तयारी मनाची ठेवावी. आयोगाचा आदेश ठेकेदाराने पाळला नाही तर कलम 72 खाली एक महिना ते तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान 25,000 रुपये दंड अथवा दोन्ही होऊ शकतात.

पोलिसांत जाण्याविषयी माझे मत सावध आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम 318 आहे, पण त्यासाठी पैसे घेतानाच काम न करण्याचा हेतू होता, असे दाखवावे लागते. येथे ठेकेदाराने स्लॅबपर्यंत काम केले आहे, त्यामुळे प्रकरण दिवाणी स्वरूपाचे म्हणून परत पाठवले जाण्याची शक्यता मोठी. त्याने आणलेले साहित्य दुसऱ्या साइटवर नेल्याचा किंवा खोटी बिले दाखवल्याचा पुरावा हाती आला, तर गोष्ट वेगळी.

राहिला नातेसंबंधाचा भाग. ठेकेदार माहेरच्या गावचे आहेत म्हणून बोलणी करायला काहीच हरकत नाही. आयोगासमोरही कलम 37 प्रमाणे मध्यस्थीची सोय आहे. मात्र समझोता तोंडी नको आणि त्याची सुरुवात दोन लाखांच्या उचलीने तर मुळीच नको. सिमेंट, लोखंड आणि फरशी आपण स्वतः दुकानातून आपल्या नावाच्या बिलावर घ्यावी, मजुरी काम पाहून आणि अभियंत्याने मोजल्यावर द्यावी, बीमची दुरुस्ती स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सांगण्याप्रमाणे सर्वांत आधी व्हावी, आणि शेवटची दहा टक्के रक्कम एक पावसाळा पाहून गळती नसल्यास द्यावी, असे संमतीपत्र दोघांच्या सहीने करा. ठेकेदार या अटींना तयार असतील तर त्यांच्याकडूनच काम पुरे करून घेणे आपल्या सर्वांना स्वस्त आणि लवकरचे पडेल. अटींना नकार आला तर त्यांचा काम करण्याचा विचार नाही, हे नोटिशीच्या उत्तराची वाट न पाहताच कळेल.

प्रश्न : आमच्या नाशिकरोडच्या घरावर वाढीव खोल्यांचे काम अर्धवट सोडून ठेकेदाराने हिशेब मान्य केला आणि परताव्याचा 1,60,000 रुपयांचा चेक दिला. बँकेत टाकल्यावर तो ‘पुरेशी रक्कम नाही’ म्हणून परत आला. ते ‘थोडे थांबा, पुन्हा टाका’ असे म्हणत आहेत. किती दिवस थांबावे?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : चेक परत आल्याची सूचना बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत रक्कम मागणारी लेखी नोटीस जायला हवी, म्हणून तोंडी आश्वासनावर थांबू नका. नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत त्यांनी पैसे न दिल्यास त्यानंतरच्या एका महिन्यात चलनक्षम दस्तऐवज अधिनियमाच्या कलम 138 खाली फौजदारी तक्रार दाखल करावी लागते. चेकवरील तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तो पुन्हा बँकेत टाकता येतो आणि पुन्हा परत आला तर नव्या सूचनेपासून 30 दिवस मोजता येतात. पण तीन महिने संपत आले असतील तर ही सवलत उरत नाही. त्यांनी हिशेब मान्य केल्याची सहीची चिठ्ठी, परत आलेला चेक आणि बँकेचा परतीचा मेमो ही तीन मूळ कागदपत्रे स्वतःकडेच ठेवा, वकिलालाही प्रतीच द्या. दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात, आणि खटला चालू असताना चेकच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा आदेशही न्यायालय करू शकते. तक्रार, आपले खाते ज्या शाखेत आहे आणि जेथे आपण हा चेक भरला, त्या शाखेच्या हद्दीतील न्यायालयात करायची असते. आपले खाते नाशिकरोडला असेल तर ठेकेदार जिल्ह्याबाहेर राहायला गेला असला तरी आपल्याला त्याच्या गावी जावे लागणार नाही.